कागदाची बळकटी वाढविणारी रासायनिक द्रव्ये : स्वरूप, कार्य आणि मराठवाड्याचा संदर्भ

प्रस्तावना :
महाविद्यालयीन व्यवहारात कागदाइतकी नित्य वापराची दुसरी वस्तू नाही. उत्तरपत्रिका, प्रवेश नोंदवही, ग्रंथ, चहाचा पेला या सर्वांचा आधार कागदच असतो. मात्र प्रत्येकाकडून अपेक्षित असलेली बळकटी निराळी असते. ही बळकटी केवळ तंतूंमुळे येत नाही. निर्मितीच्या वेळी अल्प प्रमाणात मिसळलेल्या द्रव्यांचाही तीत मोठा वाटा असतो. प्रस्तुत लेखात या द्रव्यांचे कार्य, त्यांच्या मर्यादा आणि ऊसपट्ट्याच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व यांचा विचार केला आहे.

बळकटीचे मूळ :
कागद म्हणजे सेल्युलोज तंतूंचे जाळे होय. पाण्यात कालविलेला लगदा जाळीवर पसरून वाळविला की तंतू जवळ येतात आणि त्यांच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटांमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. एकेक बंध दुर्बल असला तरी त्यांची संख्या प्रचंड असल्याने कागद ताण सोसतो. पाणी शिरताच हे बंध सुटतात. म्हणूनच साधा कागद भिजल्यावर आपली बहुतांश ताकद गमावतो. यावरून बळकटीचे शुष्क आणि आर्द्र असे दोन प्रकार मानले जातात.

शुष्क बळकटी देणारी द्रव्ये :
या गटात स्टार्च सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याची रचना सेल्युलोजशी मिळतीजुळती असल्याने तो तंतूंमधील बंधांची संख्या वाढवितो. तंतूंवर पाण्यात ऋण प्रभार असतो. त्यामुळे स्टार्चला रासायनिक क्रियेने धन प्रभार दिला जातो, जेणेकरून तो पाण्याबरोबर वाहून न जाता तंतूंना चिकटून राहील. कोरड्या लगद्याच्या तुलनेत त्याचे प्रमाण साधारणतः १ टक्क्याच्या आसपास असते. गवारीचा डिंक, कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज आणि पॉलिअॅक्रिलामाइड हीही या गटातील द्रव्ये होत.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. दौलताबादजवळील कागजीपुरा आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर ही हातकागदाची जुनी केंद्रे होत. तेथे चिंध्यांसारख्या तंतुमय मालाच्या लगद्यापासून केलेल्या तावाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटला जाई. खळ म्हणजे स्टार्चच होय. तिच्यामुळे शाई पसरत नसे आणि तावही कणखर होई. दौलताबादी व जुन्नरी कागदावरील मोडी दप्तरे आजही वाचता येतात.

आर्द्र बळकटी देणारी द्रव्ये :
भिजल्यावरही मूळ शुष्क ताकदीच्या सुमारे १५ टक्क्यांहून अधिक ताकद टिकविणाऱ्या कागदास सामान्यतः आर्द्र-बळकट कागद म्हणतात. चलनी नोटा, चहाच्या पुड्या आणि नकाशे यांना असा कागद लागतो. त्यासाठी प्रथम यूरिया-फॉर्माल्डिहाइड व मेलामाइन-फॉर्माल्डिहाइड ही रेझिने वापरात आली. ती आम्ल माध्यमात पक्की होतात. पुढे पॉलिअमाइड-एपिक्लोरोहायड्रिन हे रेझिन रूढ झाले. ते उदासीन अथवा किंचित अल्क माध्यमात कार्य करते. त्यातील अॅझेटिडिनियम वलय तंतूंवरील कार्बॉक्सिल गटांशी, तसेच रेझिनच्याच अमाइन गटांशी सहसंयुज बंध जोडते. हे बंध पाण्याने सुटत नाहीत. रेझिन पक्के होण्याची क्रिया यंत्रावरील उष्णतेने सुरू होते आणि कागद गुंडाळून ठेवल्यावरही काही दिवस चालू राहते.

आम्लतेचा धोका :
१८०७ मध्ये जर्मनीतील मॉरिट्झ इलिग यांनी राळ व तुरटी लगद्यातच मिसळण्याची पद्धत मांडली. तिचा मुख्य हेतू शाई पसरू न देणे हा होता. ती स्वस्त असल्याने सर्वत्र पसरली. परंतु तुरटीमुळे कागदात राहणारी आम्लता सेल्युलोजच्या साखळ्या हळूहळू तोडते. परिणामी कागद पिवळा पडतो आणि दुमडताच तुटतो. विसाव्या शतकातील अनेक ग्रंथ त्याहून कितीतरी जुन्या दप्तरांपेक्षा अधिक जीर्ण दिसतात, याचे हे एक प्रमुख कारण आहे. तात्कालिक गुण आणि दीर्घकालीन टिकाऊपणा या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

मराठवाड्याचा संदर्भ :
लातूर जिल्हा साखर कारखान्यांचा आहे. औसा तालुक्यात बेलकुंड येथेही सहकारी साखर कारखाना उभारला गेला. गाळपानंतर उरणारे उसाचे चिपाड बहुतांशी बॉयलरमध्ये जाळले जाते. त्यापासून कागदही होऊ शकतो, पण त्यातील तंतू सुमारे १ ते १.५ मिलिमीटर लांबीचे असतात, तर सूचिपर्णी लाकडाचे तंतू सुमारे ३ मिलिमीटर असतात. शिवाय चिपाडातील भुशासारखा गर पाण्याचा निचरा मंदावतो. त्यामुळे गर वेगळा काढणे, लांब तंतूंचा लगदा मिसळणे आणि शुष्क बळकटीची द्रव्ये वापरणे आवश्यक ठरते. रद्दीपासून पुनर्निर्मित कागदाचीही स्थिती अशीच आहे. प्रत्येक फेरीत तंतू ताठर व आखूड होत जातात.

आरोग्य आणि पर्यावरण :
महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकवर निर्बंध आले आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. त्यामुळे खाद्यपदार्थांसाठी कागदाचा वापर वाढला. या कागदातील द्रव्यांकडे दुर्लक्ष करता येत नाही. फॉर्माल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवास कर्करोगकारक ठरविले आहे. एपिक्लोरोहायड्रिनवर आधारित रेझिनांत क्लोरीनयुक्त उपपदार्थ राहू शकतात. त्यांचे प्रमाण घटविलेली रेझिने आता उपलब्ध आहेत. दुसरी अडचण पुनर्वापराची आहे. जो बंध पाण्याने सुटत नाही, तो रद्दीचा लगदा करतानाही सहज सुटत नाही. त्यासाठी उष्णता व अल्क किंवा ऑक्सिडीकारक द्रव्ये लागतात.

समारोप :
कागदाची बळकटी हा एकच गुण नसून प्रयोजनानुसार बदलणारी अपेक्षा आहे. कायम जपावयाच्या नोंदींसाठी आम्लविरहित कागद, अन्नासाठी सुरक्षित द्रव्ये असलेला कागद आणि अल्पकाळाच्या वापरासाठी सहज विरघळणारा कागद अशी निवड डोळसपणे व्हावयास हवी. महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांना चिपाडाच्या लगद्यात स्टार्च वा गवारीचा डिंक मिसळून हाताने ताव तयार करणे आणि त्यांची ताणशक्ती कोरड्या व ओल्या अवस्थेत तपासणे सहज शक्य आहे. ऊसपट्ट्यातील विद्यार्थ्यांस परिसरातील कच्च्या मालाचे रसायनशास्त्र त्यातून प्रत्यक्ष समजू शकेल.