खलाशी: डहाणूपासून ओख्यापर्यंत

पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठायची वेळ आली की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची तरणी माणसं गुजरातची वाट धरतात. ओखा, पोरबंदर, वेरावळ. यातले बरेचजण आदिवासी; घरी भात-नागलीची शेती, जाळ्याशी पिढीजात संबंध नाही. बोटमालकाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत बोट हेच घर.

ट्रॉलरवर सात-आठ माणसं. सुकाणू तांडेलाकडे, बाकीची अंगमेहनत खलाशांकडे. जाळं सोडायचं, तीन-चार तास तळातून ओढायचं, विंचावर दोर गुंडाळत वर घ्यायचं, मासळी ओतली की पुन्हा पाण्यात. रात्रंदिवस हेच, त्यामुळे झोप मिळते ती तुकड्यातुकड्यांनी. चालत्या विंचाजवळ डुलकी लागली तर बोटं जातात.

मला या कामात सगळ्यात मोठी वाटते ती निवड. डोलणाऱ्या फळ्यांवर उकिडवं बसून पापलेट, माकूल, कोळंबी, वाकटी वेगळी करायची. ढिगात शिंगाळ्याचे काटे असतात, पाकटाच्या शेपटीतला विषारी काटा असतो. तो लागला की सोसवेल तितक्या कढत पाण्यात हात बुडवायचा, डॉक्टर किनाऱ्यावर. मग खाली बर्फ, वर मासळी, पुन्हा बर्फ, असे थर लावायचे. पापलेटाची चंदेरी कातडी खरचटली की भाव पडतो. लिलावात ज्या ताजेपणाचे पैसे मिळतात, तो याच हातांनी राखलेला असतो.

कच्छच्या बाजूला मासळी चांगली लागते आणि तिथेच पाकिस्तानची हद्द आहे. पाण्यावर रेघ नसते. बोट पकडली गेली की तांडेलासोबत खलाशीही कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. बोट कुठे न्यायची हे त्यांनी ठरवलेलं नसतं. नोव्हेंबर २०२१मध्ये ‘जलपरी’ बोटीवर पाकिस्तानी गोळीबार झाला, त्यात पालघर जिल्ह्यातला एक मच्छीमार मेला.

२००८च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. शिक्षा भोगून झाली तरी राष्ट्रीयत्वाची खातरजमा होईपर्यंत माणूस आतच राहतो. तोवर पाड्यावरचं घर कशावर चालायचं? बोट सुटण्याआधी प्रत्येक खलाशाचा लेखी करार आणि विमा झालाच पाहिजे, आणि तो पकडला गेला तर त्याची मजुरी घरी पोचत राहिली पाहिजे. उचलीचा हिशेब वहीत लिहिला जातो, तसा हाही लिहिता येईल.