‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे औशात पडणार की नाही? हवामान अंदाज कसा तयार होतो आणि तो कसा वाचायचा?

“लातूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मध्यम पावसाची शक्यता.” जून उजाडला की औसा तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे मेसेज फिरू लागतात. त्यावर भरवसा ठेवून सोयाबीन पेरलं आणि पावसानं ओढ दिली, तर दुबार पेरणी. म्हणजे बियाणं, खत, मजुरी सगळा खर्च पुन्हा.

हा राग किती टोकाला जाऊ शकतो, हे 2017 मध्ये दिसलं. शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी थेट हवामान खात्याविरोधात पोलिसांत तक्रार दिली. अंदाजावर विसंबून पेरणी केली आणि नुकसान झालं, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण अंदाज नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही?

अंदाज येतो कुठून?

भारतीय हवामान विभागाची स्थापना 1875 ची. आज उपग्रह, रडार, हवामान केंद्रं, समुद्रातली जहाजं आणि आकाशात सोडलेले फुगे यांच्याकडून तापमान, वारा, आर्द्रता आणि हवेचा दाब यांच्या नोंदी सतत येत असतात. या नोंदी महासंगणकात जातात.

तिथे काम करतं ते ‘मॉडेल’. मॉडेल म्हणजे हवा कशी वाहते, बाष्प कधी थंड होतं, ढग कसे बनतात याची भौतिकशास्त्रातली समीकरणं. आत्ताची स्थिती दिली की संगणक पुढच्या काही मिनिटांची स्थिती काढतो, तिच्यावरून त्यापुढची, असं करत पुढच्या दहा दिवसांपर्यंत जातो. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेत (आयआयटीएम) यासाठी ‘अर्का’ नावाचा महासंगणक आहे. सप्टेंबर 2024 मध्ये त्याचं उद्घाटन झालं.

मॉडेलला औसा दिसतं का?

मॉडेल पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकतं आणि प्रत्येक चौकटीसाठी एकच सरासरी आकडा काढतं. जुन्या मॉडेलची चौकट 12 किलोमीटरची होती. लातूर ते औसा अंतर साधारण 20 किलोमीटर, म्हणजे दोघांमध्ये जेमतेम दोन चौकटी.

26 मे 2025 रोजी आयआयटीएमनं विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. तिची चौकट 6 किलोमीटरची आहे. पूर्वीच्या एका चौकटीच्या जागी आता चार चौकटी. चित्र स्पष्ट झालं, तरी एका चौकटीत 36 चौरस किलोमीटर येतातच. वळवाचा एखादा ढग याहून लहान असू शकतो. म्हणूनच एका शिवारात पाणी वाहतं आणि शेजारच्या शिवारात धूळ उडते.

मग अंदाज चुकतो का?

सुरुवातीच्या नोंदीतली बारीकशी चूक दिवसागणिक वाढत जाते. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी 1960 च्या दशकात हे दाखवून दिलं. म्हणून शास्त्रज्ञ सुरुवातीचे आकडे थोडे थोडे बदलून मॉडेल अनेकदा चालवतात. 2018 मध्ये भारतात सुरू झालेल्या अशा एका प्रणालीत ते 21 वेळा चालवलं जातं. बहुतेक वेळा पाऊस दिसला तर खात्री जास्त, मोजक्याच वेळा दिसला तर कमी. ‘शक्यता’ हा शब्द इथून येतो.

शब्दांचा हिशेब कसा लावायचा?

- तुरळक ठिकाणी: त्या भागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस. म्हणजे बाकीची गावं कोरडी राहिली, तरी अंदाज बरोबरच ठरतो.
- काही ठिकाणी: 26 ते 50 टक्के केंद्रांवर.
- बहुतांश ठिकाणी: 75 टक्क्यांहून जास्त केंद्रांवर.
- मध्यम पाऊस: 24 तासांत 15.6 ते 64.4 मिलिमीटर.
- जोरदार पाऊस: 64.5 मिलिमीटरपासून पुढे.
- अतिवृष्टीसारखी स्थिती: 204.4 मिलिमीटरच्या वर गेला, तर तो ‘अत्यंत जोरदार’.
- रंग: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा.

‘यंदा 100 टक्के पाऊस’ याचा अर्थ काय?

हा आकडा संपूर्ण देशाचा आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा असतो. सरासरी आहे 87 सेंटीमीटर. 2023 चा एप्रिलमधला अंदाज 96 टक्के होता, प्रत्यक्षात पाऊस झाला 94 टक्के. आकडा जवळपास जुळला. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि सोयाबीनला फुलं-शेंगा धरताना पाणी लागतं ते नेमकं तेव्हा.

मग पेरणी कधी?

एप्रिलचा अंदाज पेरणीची तारीख ठरवण्यासाठी नाही. त्यासाठी जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज रोज पाहावा, कारण तो रोज बदलतो. विजा आणि वादळाचे इशारे तर पुढच्या तीन तासांसाठी येतात. ऑक्टोबर 2024 पासून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाजही मिळू लागला आहे.

पण शेवटची खूण आभाळात नाही, जमिनीत आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नका, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. अंदाज उद्याची शक्यता सांगतो. पडून गेलेला पाऊस मात्र मोजता येतो.