चर्मालय, काळपुळी आणि मालकाचे दायित्व

वर्ध्याजवळील नालवाडीचे चर्मालय गोपाळराव वाळुंजकर यांनी नावारूपास आणले. तेथे आपोआप मेलेल्या जनावरांचीच कातडी कमावीत. अहिंसेच्या दृष्टीने ही निवड उचित होय. आरोग्याच्या दृष्टीने मात्र तीत जोखीम असते. रोगाने मेलेल्या जनावराच्या कातड्यात काळपुळीचे (शेतकऱ्यांच्या भाषेत फाशीचे) बीजाणू असू शकतात, आणि चुन्याच्या हौदात ते खात्रीने मरत नाहीत.

कातडी हाताळणाऱ्यास जडलेली काळपुळी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामावरील अपघातच मानली. मालकाची चूक सिद्ध करण्याचे कारण उरले नाही. अमेरिकेत बोकडाचे केस वापरणाऱ्या गिरण्यांतील कामगारांवर या रोगाची लस पारखली गेली, ती १९५० नंतर.

लस निघाली म्हणून मालकाचे दायित्व कामगाराच्या दंडावर सरकते काय? करोनाच्या लसीसंबंधी २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लसीकरणाची सक्ती करता येत नाही असा निर्णय दिला. सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध मात्र ग्राह्य मानले. काळपुळी माणसापासून माणसास सहसा होत नाही. तेव्हा सहकाऱ्यांच्या रक्षणाचा आधारही येथे सक्तीस लाभत नाही. जनावर कशाने मेले याची चौकशी करणे, संशयित शव न सोलता खोल पुरणे, कामगारांस हातमोजे पुरविणे व त्यांच्या हातांवरील जखमा पाहणे, हे सारे मालकाकडेच राहते. लस प्रथम टोचावयाची ती गुरांना.