अंगावरील पुरळ आणि निदानाची वाट



मुलाच्या अंगावर पुरळ उठलें म्हणजे घरांतील प्रत्येक वडील माणूस त्याला आपापलें नांव देऊन मोकळा होतो. आजी म्हणते, पित्त उठलें, आमसुलाचें पाणी लावा. शेजारच्या काकू म्हणतात, उष्णता झाली. कोणी गोवराचें नांव काढतो, कोणी दृष्ट काढावयास सांगतो. बहुतेक वेळां दोनचार दिवसांत पुरळ मावळतें, आणि त्या वेळीं ज्याचा उपाय चालू असेल त्याला यश मिळतें. परंतु कधीं कधीं तें मावळत नाहीं. पंधरवडा जातो, महिना जातो. मूल खेळावयास बाहेर पडत नाहीं, शाळेंतून येतांच दप्तर टाकून निजतें, आणि वर्गांत आळशी म्हणून त्याला बोल बसतो. पुरळ आणि थकवा अशीं जोडीनें मुक्कामास आलीं म्हणजे घरगुती नांवांचा उपयोग संपतो व निदानाचा शोध सुरू होतो. मी डॉक्टर नव्हे, सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. म्हणून औषध सांगण्याचा अधिकार माझा नाहीं. या शोधांत आईबापांचा वांटा कोणता, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पुरळ ही रोगाची खूण आहे, त्याचें नांव नव्हे. कातडीला बोलावयास शब्द थोडे. ती तांबडी होते, फुगते, सोलते किंवा काळवंडते, आणि शेकडों निरनिराळे रोग तिच्याकडून एवढेंच बोलवून घेतात. म्हणून नुसतें पुरळ पाहून निदान करणें निष्णात डॉक्टरांसही पुष्कळदां जमत नाहीं. ते विचारूं लागतात: प्रथम कोठें उठलें, केव्हां उठलें, घरांत आणखी कोणास आहे, मूल काय खातें? पालकांस वाटतें, औषध लिहून द्यावयाचें सोडून ही चौकशी कशाला? पण एका मोठ्या रोगाचें मूळ अशाच चौकशीनें सांपडलें, तो इतिहास ऐकण्याजोगा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत पेलाग्रा या रोगानें हजारों माणसें ग्रासलीं होतीं. हात, पाय, मान असे उघडे राहणारे भाग उन्हानें भाजल्यासारखे होत, काळवंडून फुटत. रोग्याची शक्ति जाई, जुलाब लागत, आणि शेवटीं बुद्धि भ्रमे. हा रोग सांसर्गिक असावा, असें पुष्कळ डॉक्टरांचें मत होतें. १९१४ सालीं सरकारनें डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांस या कामावर नेमलें. त्यांनीं आधीं आजारी कोण पडतो हें पाहिलें, आणि तितक्याच बारकाईनें आजारी कोण पडत नाहीं हेंही पाहिलें. वेड्यांच्या इस्पितळांत रोगी पेलाग्रानें आजारी, पण त्यांच्यांतच दिवसरात्र वावरणारे नोकर निरोगी! संसर्ग असा माणसें निवडून कसा लागेल?

मिसिसिपी संस्थानांतील जॅक्सन शहरीं अनाथ मुलांचे आश्रम होते. त्यांतील एकांत आणखी चमत्कारिक प्रकार आढळला. रोग सुमारें सहा ते बारा वर्षांच्या मुलांनाच होई, लहान व मोठीं मुलें त्यांतून सुटत. चौकशीअंतीं कळलें कीं लहानांना दूध मिळे, मोठीं मुलें काम करीत म्हणून त्यांना मांस मिळे. मधल्या वयाच्या मुलांच्या वांट्यास मुख्यतः मका आणि काकवी. गोल्डबर्गर यांनीं सर्वांना दूध, अंडीं, मांस व कडधान्यें देवविलीं, आणि आश्रमांतून रोग हटला. अन्नांतील नेमकें कोणतें द्रव्य कमी पडत होतें, याचा उलगडा १९३७ सालीं कॉनरॅड एल्व्हेजेम यांनीं केला. तें द्रव्य निकोटिनिक ॲसिड, ज्यास आज नायसिन म्हणतात. रोगाचें कारण कळावयास पुढें प्रयोगशाळा लागली. पण वाट दाखविली ती कोणाच्या पानांत काय वाढलें होतें, या साध्या प्रश्नानें.

ही गोष्ट परदेशची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. १९५८ सालीं कुन्नूरची पोषण-संशोधनशाळा हैदराबादेस आली. पेलाग्रा हा मका खाणाऱ्यांचा रोग, अशी तोंवर समजूत होती. डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं दाखवून दिलें कीं दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर पोट भरणाऱ्या गरिबांतही तो आढळतो. ज्वारींत ल्यूसिन नांवाचें द्रव्य अधिक असतें, तेंच याच्या मुळाशीं असावें, असें त्यांनीं मांडलें. या मीमांसेवर पुढें शास्त्रज्ञांत मतभेद झाले. आपला जालना जिल्हा याच पठारावरचा. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यांत होता, आणि ज्वारीची भाकरी येथलें रोजचें अन्न. म्हणून भाकरीला दोष देऊं नये. दोष एकट्या भाकरीवर जगावें लागण्याचा. भाकरीबरोबर वरण, दूध, शेंगदाण्याची चटणी असली म्हणजे हें भय राहत नाहीं. आज हा रोग विरळा झाला आहे, परंतु डॉक्टर मुलाच्या जेवणाविषयीं विचारतात त्यांत काय अर्थ असतो, तें यावरून कळेल.

आतां आईबापांनीं घरीं काय पहावें? पहिली गोष्ट, कांचेच्या पारदर्शक पेल्याची बाजू पुरळावर दाबून पहावी. दाबल्यावर तांबडेपणा गेला, तर रक्त शिरांतच आहे. ठिपके तसेच राहिले, तर रक्त शिरांबाहेर कातडींत झिरपलें आहे. सांवळ्या अंगावर तांबडेपणा नीट दिसत नाहीं. तेव्हां तळहात, तळपाय व ओठांची आंतली बाजू पहावी. न मावळणारे ठिपके डेंग्यूंत येतात, रक्तांतील प्लेटलेट नांवाचे कण दुसऱ्या कारणानें घटले तरी येतात, आणि क्वचित् रक्ताच्या कर्करोगांतही येतात. हें शेवटचें नांव ऐकून घाबरूं नये. वेळीं उपचार झाल्यास आज अशीं पुष्कळ मुलें पूर्ण बरीं होतात. परंतु दिरंगाई करूं नये. अशा मुलास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. सोबत ताप असेल, नाकांतून वा हिरड्यांतून रक्त येत असेल, किंवा मूल सुस्त पडून नीट उत्तर देत नसेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहूं नये.

दुसरी गोष्ट, मुलाचें सर्वांग पहावें. कांख, जांघ, कानामागें, कोठें विडीच्या चटक्यासारखी काळी खपली आहे काय? झुडपांतील बारीक किड्यांच्या दंशानें होणाऱ्या स्क्रब टायफस तापाची ती खूण आहे. २०१८ सालीं विदर्भांत या तापाचे बरेच रोगी आढळले. खपली दुखत नाहीं, म्हणून मूल ती दाखवीत नाहीं. ओळख पटली तर औषध स्वस्त व गुणकारी आहे.

तिसरी गोष्ट, थकव्याचा प्रकार. मूल झोंपाळू झालें आहे, कीं त्याच्या अंगांत बळच नाहीं? जमिनीवरून उठतांना तें मांडीवर हात टेकतें काय? जिना चढतांना कठडा धरतें काय? पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या सांध्यांवर तांबडे चट्टे आणि असा अशक्तपणा, हें सर्व एकत्र दिसलें तर स्नायूंना सूज आणणाऱ्या एका विरळ्या रोगाची शंका घ्यावी लागते. तपासणीच्या खोलींत पांच मिनिटें बसलेल्या मुलांत ही गोष्ट डॉक्टरांस दिसत नाहीं. घरच्यांनींच ती सांगावयाची.

हें सर्व एका वहींत तारीखवार लिहावें. तापाचे आंकडे, नवीन अन्न, नवीन औषध, गांवाला जाणें, सारें यावें. पुरळ रोज रूप बदलतें, म्हणून त्याचें छायाचित्र उजेडांत काढून ठेवावें. आणि दुकानदाराच्या सल्ल्यानें मलम मात्र चोळूं नये. बाजारांतील कित्येक मलमांत स्टेरॉइड असतें. त्यानें खाज थांबते, तांबडेपणा ओसरतो, पण खूण पुसली जाते आणि रोग आंत राहतो.

जालना सोन्याचा पाळणा, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. व्यापारामुळें ती पडली. मुलांच्या दवाखान्याच्या बाबतींत मात्र ती खरी नव्हती, आणि पुष्कळांना साठ किलोमीटरवरील छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, येथें धांवावें लागे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चें. जालन्यास असें महाविद्यालय २०२४ सालीं निघालें. कोठेंही जा, पण प्रत्येक नव्या डॉक्टरापुढें पहिल्यापासून आरंभ करूं नका. जुने कागद, रक्ताच्या तपासण्या व ती वही बरोबर न्या. आधींचें औषध लपवूं नका.

एवढें करूनही कधीं डॉक्टर म्हणतात, अजून निश्चित सांगतां येत नाहीं, आठ दिवसांनीं पुन्हा आणा. हें उत्तर पालकांस फार जड जातें, आणि ते दुसरें दार ठोठावतात. पण कांहीं रोगांचीं लक्षणें एकामागून एक उमटतात, आणि वाट पाहणें हाही निदानाचाच भाग असतो. ‘अजून कळलें नाहीं’ आणि ‘कांहीं झालें नाहीं’ यांत मोठें अंतर आहे. पुन्हा केव्हां यावयाचें आणि मध्यें काय दिसलें तर तात्काळ यावयाचें, हें मात्र विचारून घ्यावें.

तोंपर्यंत वर्गशिक्षकांस दोन ओळींची चिठ्ठी लिहावी: मूल आजारी आहे, तपासणी चालू आहे, त्यास बाकावर डोकें टेकूं द्यावें. रोगाचें नांव सांपडावयास उशीर लागला तरी चालेल, पण तोंवर मुलाला आळशी हें नांव पडूं देऊं नये.