येवा कुणाच्या ताब्यात?

बुटीबोरीहून एक रस्ता वर्ध्याला फुटतो, दुसरा हिंगणघाटाला. तिथे उतरलं की मला कारखान्यांच्या आधी उतार दिसतो. इथलं पाणी वेणेकडे जातं आणि वेणा वर्धा नदीला मिळते. चाळीस वर्षं पाणलोटांमागे फिरल्यावर नजर तशीच होते.

योजनांचा इतिहास वाचकांना पाठ आहे. 1983 चा ‘कोवडेप’, मग आदर्श गाव, 2003 ची हरियाली, नंतर जलयुक्त शिवार. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेणं थांबवलं आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला, त्याचं मोल मोठंच आहे. पण तेवढं उदाहरण देऊन आमच्यातले काही जाणकार थांबतात. चांगला सरपंच मिळाला की झालं, म्हणतात. मला हे कधीच पटलं नाही. सरपंच पाच वर्षांचा. ज्या जमिनीवरून तलावात पाणी येतं, ती येव्याची जमीन गावाच्या ताब्यात नसेल तर तो काय राखणार?

पूर्व विदर्भात याचं उत्तर पूर्वीच कागदावर उतरलेलं होतं. बंदोबस्ताच्या वेळी प्रत्येक गावचा वाजिब-उल-अर्ज लिहिला गेला, पुढे निस्तारपत्रकं झाली. गुरं कुठे चरतील, सरपण कुठून येईल, मुरूम कुठला खणायचा, तलावावर कुणाचा हक्क, सगळं त्यात. 1986 च्या उन्हाळ्यात बुटीबोरीपासून दोन-अडीच तासांच्या पायवाटेवरच्या एका गावात मी ते दप्तर पहिल्यांदा हाताळलं. लाल फडकं, कसर लागलेल्या कडा, मोडीतली एक सही. कोतवालाने पान उघडून दिलं आणि म्हणाला, “वाचून काय होते? चाला, दाखवतो.”

आम्ही मालगुजारी तलावाच्या पाळीवर गेलो. त्याने तुडूम दाखवलं. पाणी सोडायची भोकं लाकडी खुंट्यांनी बंद केलेली. तलाव उतरत जाईल तशी एकेक खालची खुंटी काढायची. मग वरच्या अंगाला नेलं. उघडाबोडका मुरमाड उतार, त्यावर पळस, भराटी, बोरीची खुरटी झुडपं. कुऱ्हाडीच्या दांड्याएवढंही लाकूड निघणार नाही, असं रान. त्याने एका बोरीच्या बुडाशी पायाने माती उकरली. वर वीतभर खडखडीत, खाली ओल. म्हणाला, “हे झुडूप हाये म्हणून तलाव हाये. हे गेलं तं गाळच येईन.” झुडपी जंगलाची याहून नेमकी व्याख्या मला आजवर मिळालेली नाही.

1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झालं. पण तलाव सरकारजमा झाले, 1962 नंतर लहान तलाव जिल्हा परिषदांकडे गेले आणि त्यांच्या वरचा उतार महसूल खात्याच्या नोंदीत राहिला. तलाव एकाकडे, येवा दुसऱ्याकडे. सहा जिल्ह्यांतल्या सुमारे 86 हजार हेक्टर झुडपी जमिनीला मग ‘विकासातला अडसर’ म्हणणारे निघाले. जिथे झाड वाढत नाही ते जंगल कसलं, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांना मी तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो: ही जमीन लाकडासाठी राखलेली नाही, खालच्या पाण्यासाठी राखलेली आहे. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाला वनजमीनच मानलं. मला मनापासून आनंद झाला. उतार वाचायची आशा निर्माण झाली, तो गावाच्या हाती यायचं मात्र बाकी आहे. गाव हे सांभाळू शकतं, हे मेंढा-लेखाने दाखवलं आहे; 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर त्या ग्रामसभेचा सामूहिक हक्क मान्य झाला.

बुटीबोरीत गाठ आणखी घट्ट आहे. औद्योगिक क्षेत्राचं नियोजन एमआयडीसीकडे, भोवतालच्या गावांचं नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. कारखान्यांना पाणी येतं ते वडगाव धरणातून. खुद्द बुटीबोरीची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद झाली. या बदलात एक गोष्ट हरवते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींच्या यादीत, तिसराच विषय लघुसिंचन, जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकासाचा. नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची आहे. तिच्यात पाणीपुरवठा आहे, पर्यावरणाचं रक्षण आहे, पाणलोट हा शब्दच नाही. गाव शहर झालं की नळाची जबाबदारी येते आणि उताराची जाते. राज्याने आपल्या नगरपालिका कायद्यात हा विषय स्पष्ट घालावा, हे मी तीन व्यासपीठांवर मांडलं. श्रोते मान डोलावून जेवायला गेले.

गेल्या मे महिन्यात त्या गावी पुन्हा गेलो. कोतवाल आता नाही. तलावाच्या पोटात बेशरम माजलाय, तुडूम गाळात अर्धं बुडालंय. येव्याला लागून असलेल्या वावरांत ले-आउटचे सिमेंटचे खुंटे आले आहेत, पांढरा चुना मारलेले. कोतवालाचा मुलगा त्यांतून वाट काढत मला वर घेऊन गेला. बोरीची झुडपं अजून आहेत. त्याने निस्तारपत्रकाच्या नकलेसाठी अर्ज दिलाय. “भेटली का ग्रामसभेत वाचतो,” म्हणाला, आणि त्या पानावर काय काय लिहिलं होतं ते मला पुन्हा पुन्हा विचारत राहिला.