रक्षक पेशी मेंदूवर उलटतात तेव्हा

कालपर्यंत हसतखेळत कामाला जाणारी तरुण मुलगी आठवडाभरात संशयी होते, रात्ररात्र जागते, असंबद्ध बोलू लागते. घरातील कुणी ताणाचे कारण सांगतो, कुणी दृष्ट काढतो, कुणी बाहेरची बाधा सुचवतो; शेवटी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले जाते. हे शेवटचे पाऊल योग्यच आहे. परंतु अशा काही रुग्णांमध्ये मूळ दोष शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा असतो, आणि त्या आजाराची नीट ओळख वैद्यकाला २००७ साली पटली.

मेंदू हा या पेशींच्या वहिवाटीपासून अलिप्त आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. पीटर मेदावार यांनी १९४८ मध्ये सशांच्या मेंदूत परक्या त्वचेची कलमे लावून पाहिली. शरीराने ती अन्यत्र झिडकारली असती. मेंदूत मात्र ती टिकली. तथापि, त्याच सशाच्या अंगावर आधी तशी त्वचा लावलेली असेल, तर मेंदूतील कलमही नष्ट होई. म्हणजे या पेशींना परक्याची ओळख मेंदूबाहेर एकदा पटली, की मेंदूची तटबंदी त्यांना पुरेशी अडवू शकत नाही.

नेमके हेच ‘अँटी-एनएमडीए रिसेप्टर’ मेंदूदाहात घडते. काही स्त्रियांच्या अंडाशयात ‘टेराटोमा’ नावाची गाठ असते. या गाठीत केस, दात यांच्याबरोबर कधी कधी चेतातंतूंच्या ऊतीही आढळतात. निसर्गाची ही विचित्र खोडीच म्हणायची! त्या ऊतींवरील एनएमडीए ग्राहकांना ‘बी’ पेशी परके समजतात व त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवतात. हीच प्रतिपिंडे मेंदूत पोहोचतात. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशीही तेथे ठाण मांडतात. स्मृती, शिकणे, वास्तवाचे भान हे सारे ज्या ग्राहकांवर अवलंबून, तेच ग्राहक प्रतिपिंडे चिकटल्यामुळे चेतापेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. येथे एक दिलासा आहे. चेतापेशी सहसा मरत नाही, केवळ तिचे ग्राहक कमी होतात. प्रतिपिंडे हटली की ते पुन्हा वर येऊ शकतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये रोगप्रतिकारक पेशी चेतातंतूंचे वेष्टनच कुरतडतात. तेथील हानी इतक्या सहज भरून येत नाही.

गाठ प्रत्येक रुग्णात असतेच असे नाही. पुरुषांना व लहान मुलांनाही हा आजार होतो. काहींना तो नागिणीशी नाते असलेल्या हर्पिस विषाणूच्या मेंदूज्वरानंतर काही आठवड्यांनी गाठतो.

न्यूयॉर्कमधील पत्रकार सुझाना कॅहलन २००९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, या आजाराने ग्रासल्या. अनेक तपासण्या निर्दोष आल्या. अखेर डॉ. सुहेल नज्जार यांनी त्यांना कागदावर घड्याळ काढावयास सांगितले. त्यांनी सारे आकडे तबकडीच्या उजव्या अर्ध्या भागातच लिहिले. मेंदूच्या उजव्या बाजूस दाह असल्याची ती खूण होती. कोट्यवधींच्या यंत्रांना न दिसलेले एका पेन्सिलीने दाखवले! पुढे त्या बऱ्या झाल्या व ‘ब्रेन ऑन फायर’ या पुस्तकात त्यांनी हा अनुभव लिहिला.

घरच्यांनी काय पाहावे? मानसिक बदल महिनोन्‌महिने नव्हे, तर दिवसांत वा काही आठवड्यांत वाढणे, त्याआधी ताप किंवा डोकेदुखी, आकडी येणे, तोंडाच्या वा हातापायांच्या विचित्र, थांबवता न येणाऱ्या हालचाली, बोलणे आटत जाणे, औषधांनी अंग एकाएकी ताठरणे. मुलांमध्ये आकडी व हालचाली आधी दिसू शकतात. अशा वेळी ‘मेंदूविकारतज्ज्ञांचे मत घ्यावे का?’ असे मानसोपचारतज्ज्ञांना निःसंकोच विचारावे. एमआरआय निर्दोष आला म्हणून शंका मिटवू नये. मणक्यातून काढलेल्या पाण्यातील प्रतिपिंडांची तपासणी निर्णायक ठरते. मणक्यातील सुईला आपल्याकडे लोक फार भितात, परंतु ती भीती येथे महागात पडू शकते.

उपचारांत स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणे, गरज पडल्यास ‘बी’ पेशींवरील रिटुक्सिमॅब, आणि गाठ असल्यास शस्त्रक्रिया यांचा समावेश होतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ५०१ रुग्णांपैकी ३९४ जण दोन वर्षांच्या आत चांगले सुधारले; ३० दगावले. उपचार लवकर मिळालेल्यांची स्थिती अधिक बरी होती. सुधारणा मात्र हळूहळू होते. आकडी व हालचाली आधी शमतात. निर्णयशक्ती, एकाग्रता, चारचौघांत वागण्याचे भान सर्वांत शेवटी परतते. इस्पितळातून घरी आलेली मुलगी चालतेबोलते, जेवते, तरीही क्षुल्लक गोष्टीवरून चिडते किंवा गप्प बसते. तिच्या कॉलेजचा वा नोकरीचा विचार त्या वेळी काही महिने बाजूस ठेवावा लागतो.