सहा गुंठ्यांचा खडा

सकाळी संकलन केंद्रावर दूध घातलं की यंत्रातून चिठ्ठी येते: फॅट ३.५, एसएनएफ ८.५. भाव ठरतो तो या दोन आकड्यांवर. दुधाचा भाव किती जिव्हाळ्याचा असतो ते पुणतांब्याला सांगायला नको. १ जून २०१७ च्या शेतकरी संपाची ठिणगी याच गावात पडली आणि राज्यभर रस्त्यांवर दूध ओतलं गेलं.

पण त्या चिठ्ठीत एक फट आहे. एसएनएफ म्हणजे फॅट वगळून दुधातले बाकीचे घन पदार्थ. ते नेमके कुठले, हे आकडा सांगत नाही. भेसळ करणारे युरिया घालतात ते याच फटीतून. थोडा युरिया दुधात मुळातच असतो. कायद्याने १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅमपर्यंत तो चालतो. त्यापुढचा ओळखायचा कसा?

ओळखणारा तुरीच्या दाण्यातच बसलाय. त्याचं नाव युरिएज. हे एन्झाइम युरिया दिसला की त्याचे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड असे तुकडे करतं, साखरेकडे ढुंकूनही पाहत नाही. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये एका घेवड्याच्या दाण्यांतून त्याचे स्फटिक काढले. त्यावरून एन्झाइम हे प्रथिन असतं असं त्यांनी दाखवलं, पण ते तेव्हा अनेकांना पटेना. नोबेल मिळायला १९४६ उजाडलं!

आता त्याची ही ओळख विजेच्या भाषेत आणायची, की झाला बायोसेन्सर. इथे अर्धवाहक नॅनोकण लागतात. इतके बारीक कशाला? एक सेंटिमीटरचा घनाकृती खडा घ्या. पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचे दहा नॅनोमीटरचे घन पाडले तर वस्तुमान तेवढंच, पण पृष्ठभाग सहाशे चौरस मीटर, म्हणजे जवळपास सहा गुंठे! मलमातलं पांढरं झिंक ऑक्साइड, तेही अर्धवाहकच, असं बारीक केलं, की त्यावर युरिएजला बसायला जागाच जागा. वर दोघांचे विद्युतभार विरुद्ध: दुधाच्या सामूला झिंक ऑक्साइड धन, युरिएज ऋण, त्यामुळे ते आपसूक चिकटतं. युरिया आला की अमोनिया सुटतो, कणावरचा भार बदलतो. आणि इतक्या लहान कणात पृष्ठभागापासून लांब असं काही उरतच नाही, म्हणून आतला प्रवाहही लगेच हलतो. अशा अर्धवाहक नॅनोकणांवर पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी यांनी वर्षानुवर्षं काम केलं.

संकलन केंद्रावर असा सेन्सर येईल तेव्हा येईल. तोवर घरी करून पाहा: चमचाभर दुधात अर्धा चमचा तुरीची किंवा सोयाबीनची पूड घालून ढवळा, पाच मिनिटं थांबा आणि लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवा. तो निळा झाला, तर त्या दुधात युरिया घातलेला असण्याची शक्यता आहे.